किडनी प्रत्यारोपणानंतर बीके विषाणू सापडला, तरी डॉक्टरांनी औषध वाढवण्याऐवजी कमी का केले?

आपण विचारलेले थोडक्यात असे आहे. पतींना चार महिन्यांपूर्वी सासूबाईंची किडनी बसवली. पहिले तीन महिने क्रिएटिनिन (रक्तातील हा टाकाऊ पदार्थ वाढला की किडनीचे काम मंदावले असे समजतात) १.१ च्या आसपास होते, ते आता १.६ झाले. रक्ताच्या पीसीआर तपासणीत, म्हणजे विषाणूचे जनुकीय द्रव्य मोजणाऱ्या तपासणीत, बीके विषाणू सापडला, त्याची संख्या मिलिलिटरमागे ४२,००० आली, आणि डॉक्टरांनी कोणतेही नवे औषध न देता प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या मायकोफिनोलेटचा डोस निम्मा केला. ज्या औषधांच्या जोरावर किडनी टिकून आहे तीच कमी केल्यावर किडनी जाणार नाही का, विषाणू मारणारे औषध का देत नाहीत, आणि घरात एवढी स्वच्छता पाळूनही हा संसर्ग आला कुठून, हे आपले तीन प्रश्न. पुढे आणखी कोणते विषाणू त्रास देऊ शकतात, हेही आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यामागची अपराधीपणाची बोच स्पष्ट दिसते. हा विषाणू घरातल्या कोणाच्या हलगर्जीपणामुळे आलेला नाही. बीके विषाणूची लागण बहुतेकांना लहानपणीच होऊन जाते आणि ती कळतही नाही. प्रौढांपैकी ८० ते ९० टक्के लोकांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. त्यानंतर तो किडनीतील सूक्ष्म नलिकांच्या आणि मूत्रमार्गाच्या अस्तरात आयुष्यभर निपचित पडून राहतो. निरोगी माणसाची प्रतिकारशक्ती त्याला डोके वर काढू देत नाही. प्रत्यारोपणानंतर ती प्रतिकारशक्ती आपण औषधांनी मुद्दाम दडपतो आणि त्याला वाव मिळतो. बसवलेल्या किडनीतून तो आलेला असणे हे तर फारच सामान्य आहे. सासूबाईंनी दिलेल्या किडनीत काही दोष होता असा याचा अर्थ कृपया लावू नये. दुसऱ्या कोणत्याही दात्याची किडनी असती तरी तिच्यात तो असण्याची शक्यता तेवढीच होती. मास्क, हात धुणे, पाहुण्यांना मनाई या सगळ्याचा उपयोग इतर संसर्गांसाठी आहे, तो चालू ठेवावा. पण बीके त्याने टळला नसता.

या विषाणूचे नावही एका प्रत्यारोपणाच्या रुग्णावरूनच पडलेले आहे. किडनी बसवल्यानंतर काही महिन्यांतच ज्याची मूत्रवाहिनी अरुंद झाली होती, अशा एका रुग्णाच्या लघवीत तो सापडला आणि १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या शोधलेखात त्या रुग्णाची आद्याक्षरेच विषाणूला देण्यात आली. त्यानंतर सुमारे दोन दशके त्याच्याकडे कोणी फारसे गांभीर्याने पाहिले नाही. १९९० च्या दशकात टॅक्रोलिमस आणि मायकोफिनोलेट ही प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांची अधिक प्रभावी जोडी वापरात आली, किडनी नाकारली जाण्याचे प्रमाण खाली आले, आणि त्याच सुमारास या विषाणूने किडन्या खराब होऊ लागल्याचे लक्षात आले. प्रतिकारशक्ती जितकी नीट दडपावी तितका रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचा, धोका कमी आणि विषाणूचा धोका जास्त, हा तराजू तेव्हापासून आमच्या रोजच्या कामाचा भाग झाला आहे.

आता पहिला प्रश्न. मायकोफिनोलेट निम्मे करणे हा उपचार टाळण्याचा प्रकार नाही, तोच उपचार आहे. बीके विषाणूला आटोक्यात आणणारी गोष्ट आजच्या घडीला एकच आहे, ती म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशी, विषाणूग्रस्त पेशींना ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांना पुन्हा काम करू द्यायचे तर त्यांच्यावरचा दाब थोडा सैल करावा लागतो. काही केंद्रांत आधी मायकोफिनोलेट निम्मे करतात, काही ठिकाणी आधी टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी खाली आणतात, आणि पुरेसा फरक पडला नाही तर दुसरी पायरी घेतात. दोन्ही पद्धती मान्य आहेत. रक्तातील संख्या १,००० च्या वर टिकून राहिली की हे पाऊल उचलावे, आणि १०,००० च्या वर गेली की किडनीला प्रत्यक्ष बाधा झाली असण्याची दाट शक्यता धरून चालावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. पतींची संख्या ४२,००० असताना आणि क्रिएटिनिनही वाढलेले असताना डोस तसाच ठेवणे अधिक धोक्याचे ठरले असते.

मग रिजेक्शनची भीती खोटी आहे का? खोटी नाही. औषध कमी केलेल्या काही रुग्णांमध्ये पुढे किडनी नाकारण्याची प्रक्रिया सुरू होते, आणि म्हणूनच हे कमी करणे मोजूनमापून, टप्प्याटप्प्याने आणि दर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन व विषाणूची संख्या पाहत केले जाते. आपली काळजी चुकीची नाही. मात्र त्या काळजीपोटी कमी केलेली गोळी घरच्या घरी पुन्हा पूर्ण सुरू करणे ही या सगळ्यातली सर्वात घातक चूक ठरेल. याच्या उलट चूकही मी पाहिली आहे. औषध कमी केल्याने विषाणू जातो हे कळल्यावर एका तरुण रुग्णाने टॅक्रोलिमसही स्वतःच्या मनाने बंद केले. तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा विषाणू खरोखर जवळजवळ गेलेला होता आणि किडनी तीव्र रिजेक्शनमध्ये होती. ती आम्ही वाचवू शकलो, पण पूर्वीसारखी नाही.

इथे बायॉप्सीबद्दल, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्याबद्दल, थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या प्रश्नात तिचा उल्लेख नाही आणि पुढच्या भेटीत तो विषय निघण्याची शक्यता आहे. बीकेने बाधित किडनीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर नलिकांभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची गर्दी आणि नलिकांच्या भिंतीत त्यांची घुसखोरी दिसते. रिजेक्शनमध्येही नेमके हेच दिसते. फरक पेशींच्या केंद्रकात असतो: विषाणू भरलेले केंद्रक फुगलेले, घासलेल्या काचेसारखे धूसर, गुळगुळीत दिसते. पण तशा पेशी मोजक्याच असतील तर नजरेतून सुटू शकतात. म्हणून एसव्ही ४० नावाचे विशेष रंजन करतात. ती मूळची माकडांतील एका भाऊबंद विषाणूसाठी बनवलेली प्रतिपिंडे, पण बीकेलाही तितकीच चिकटतात आणि विषाणूग्रस्त केंद्रके गडद तपकिरी उठून दिसतात. हे रंजन न करता अहवालात रिजेक्शन लिहिले गेले आणि त्यावर स्टेरॉइडची मोठी इंजेक्शने दिली गेली, तर विषाणूला मोकळे रान मिळते. दुसरी अडचण अशी की हा आजार किडनीत ठिपक्याठिपक्यांनी पसरतो, विशेषतः आतल्या भागात. सुई नेमकी निरोगी भागात गेली तर बायॉप्सी नितळ येऊ शकते. त्यासाठी निदान दोन तुकडे घ्यावेत आणि त्यांत किडनीचा आतला भाग आलेला असावा, असा आग्रह धरला जातो. बायॉप्सी करायची की नाही, हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा; पण केलीच तर एसव्ही ४० झाले का, हे विचारायला संकोच करू नये.

लघवीच्या तपासणीतही बीकेची एक खूण मिळते. विषाणू भरलेल्या पेशी लघवीतून बाहेर पडतात आणि त्या इतक्या मोठ्या व विद्रूप असतात की पाहणाऱ्याला कर्करोगाच्या पेशी वाटाव्यात. म्हणूनच त्यांना फसव्या पेशी, म्हणजे डिकॉय सेल, असे नाव आहे. एखाद्या अहवालात तो शब्द आला तर घाबरून जाऊ नये. शिवाय लघवीतील विषाणूला तितकेसे महत्त्व नाही. प्रत्यारोपण झालेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाच्या लघवीत तो कधी ना कधी दिसतो. रक्तात त्याहून कमी जणांच्या येतो, आणि प्रत्यक्ष किडनी बिघडते ती त्यांतल्याही थोड्यांची. निर्णय घ्यायचा तो रक्तातील संख्येवर.

त्या संख्येकडे पाहण्याची पद्धतही समजून घ्यावी, कारण अनेक कुटुंबे प्रत्येक अहवालावर हसतात किंवा रडतात. ही मोजणी दहाच्या पटीत वाचायची असते. ४२,००० चे पुढच्या वेळी ५५,००० झाले तर ती वाढ नव्हे. तेवढा फरक तपासणीतच असतो. ४२,००० चे ४,००० झाले तर ती खरी घट. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळतातच असे नाही, त्यामुळे शक्यतो एकाच ठिकाणी तपासणी करावी. आणि घट सावकाश होते. औषध कमी केल्यानंतर आकडा हलू लागायला काही आठवडे आणि रक्त विषाणूमुक्त व्हायला कधी कधी अनेक महिने लागतात. क्रिएटिनिन १.६ वरून पुन्हा १.१ वर येईलच, असे आश्वासन मी देणार नाही. ज्या नलिका नष्ट होऊन तिथे व्रण राहिला, त्या परत येत नाहीत. पण लवकर पकडलेल्या आजारात किडनी आहे त्या पातळीवर स्थिरावते आणि पुढे वर्षानुवर्षे चालते, असे माझ्या बहुतेक रुग्णांत दिसले आहे. नियमित तपासणीचा सगळा खटाटोप त्यासाठीच असतो: पहिले नऊ महिने दर महिन्याला आणि पुढे दोन वर्षे होईपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्तातील बीके पाहावा, असे अलीकडचे मार्गदर्शन आहे.

विषाणू मारणारे औषध का नाही, याचे उत्तर सरळ आहे: बीकेवर सिद्ध झालेले असे औषध अजून नाही. लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक उपयोगी पडेल अशी आशा होती. व्यवस्थित चाचण्या झाल्या आणि उपयोग दिसला नाही. सिडोफोव्हिर स्वतःच किडनीला इजा करते. लेफ्लुनोमाइड काही ठिकाणी मायकोफिनोलेटच्या जागी देतात, पण त्याचा स्वतंत्र फायदा ठामपणे दाखवता आलेला नाही. इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार प्रतिपिंडांची, इंजेक्शने निवडक रुग्णांत विचारात घेतात. एवढे सगळे सांगितल्यावरही कोणी हमखास गुणाचे महागडे औषध सुचवले, तर आधी आपल्या प्रत्यारोपण डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

आता इतर विषाणूंकडे वळतो, आणि त्यांत सर्वाधिक जागा सायटोमेगॅलो विषाणूला, म्हणजे सीएमव्हीला, द्यावी लागेल. बीके मुख्यतः किडनीपुरता राहतो. सीएमव्ही संपूर्ण शरीराचा आजार आहे. ताप, गळून गेल्यासारखे वाटणे, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होणे, यकृताच्या तपासण्या बिघडणे, जुलाब, कधी धाप लागणे अशी त्याची रूपे असतात. धोका कोणाला किती, हे शस्त्रक्रियेपूर्वीच बऱ्याच अंशी कळते. दात्याला पूर्वी लागण झालेली आहे आणि घेणाऱ्याला कधीच झालेली नाही, अशी जोडी सर्वाधिक धोक्याची, कारण घेणाऱ्याच्या शरीराला हा शत्रू ओळखीचाच नसतो. अशा रुग्णांना व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे सीएमव्हीविरोधी औषध सहा महिने देतात. ज्यांना पूर्वी लागण झालेली आहे त्यांना साधारण तीन महिने, किंवा औषध न देता ठरावीक अंतराने पीसीआर करून विषाणू दिसताच उपचार सुरू करतात. आपल्या फाइलमध्ये प्रत्यारोपणापूर्वीच्या तपासण्यांत सीएमव्ही आयजीजी (पूर्वीच्या लागणीची खूण असलेली प्रतिपिंडे) अशी नोंद असेल, पतींची आणि सासूबाईंची दोन्ही. ती पाहून ठेवावी.

सहा महिन्यांनी गोळी बंद होते तेव्हा सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमके त्यानंतरचे तीन-चार महिने मी सर्वाधिक सावध असतो. विषाणू औषधाच्या आड थांबलेला असतो, गेलेला नसतो. एक बाई मला आठवतात. गोळी बंद झाल्यावर सातव्या आठवड्यात त्यांना संध्याकाळी कणकण येऊ लागली, तापमापकात ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर पारा कधी गेला नाही, म्हणून त्या दहा दिवस पॅरासिटामॉल घेत राहिल्या. आल्या त्या जुलाबांसाठी. रक्तातील सीएमव्ही अगदी थोडा होता, पण आतड्याच्या बायॉप्सीत घुबडाच्या डोळ्यासारख्या दिसणाऱ्या सीएमव्हीच्या ठळक पेशी सर्वत्र होत्या. आतड्याच्या सीएमव्हीत रक्त फसवू शकते, हे तेव्हापासून मी प्रत्येक निवासी डॉक्टरला सांगतो.

बीकेच्या उलट सीएमव्हीवर चांगली औषधे आहेत. गंभीर आजारात शिरेतून गॅन्सिक्लोव्हिर, सौम्य आजारात व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या. किमान दोन आठवडे, आणि विषाणू रक्तातून जाईपर्यंत. डोस किडनीच्या कार्यक्षमतेवर ठरतो आणि तिथेच गफलत होते. या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होतात. मायकोफिनोलेटने आणि न्यूमोनिया टाळण्यासाठी दिलेल्या कोट्रायमॉक्साझोलनेही होतात. पेशी कमी दिसल्या की भीतीने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर अर्धे केले जाते आणि अर्धवट डोसाच्या छायेत विषाणू औषधाला दाद न देण्याचे शिकतो. तशा प्रतिरोधक विषाणूसाठी मारिबाव्हिर हे औषध २०२१ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे, आणि सर्वाधिक धोक्याच्या किडनी रुग्णांत प्रतिबंधासाठी लेटर्मोव्हिरला तिथे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. दोन्हींमुळे टॅक्रोलिमसची पातळी वाढते, त्यामुळे ती सुरू करताना आणि थांबवतानाही टॅक्रोलिमस मोजावे लागते.

एपस्टीन-बार विषाणूची गोष्ट वेगळी आहे. तो बी पेशींत, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींत, राहतो आणि त्यांच्यावरचा पहारा उठला तर त्या अनिर्बंध वाढून लिम्फोमासारखा (लसिका पेशींच्या कर्करोगासारखा) आजार होऊ शकतो. प्रौढ किडनी रुग्णांत हे विरळ आहे. ज्यांना आधी लागण झालेली नाही अशा लहान मुलांत जास्त. मानेत, काखेत न दुखणारी गाठ, कारण न सापडणारा ताप, वजन घटणे, यांपैकी काही असेल तर तपासणी पुढे ढकलू नये. इथेही पहिली पायरी प्रतिकारशक्तीवरचा दाब कमी करण्याचीच असते.

अॅडिनो विषाणूने लघवीला जळजळ आणि लालभडक रक्त येते, सोबत ताप असतो, आणि जिवाणूंची तपासणी निर्जंतुक येते. तसे झाले तर या शक्यतेची आठवण द्यावी. पार्व्हो विषाणूमुळे हिमोग्लोबिन सतत घसरत राहते. नागीण उठली तर पहिल्या तीन दिवसांतच औषध सुरू व्हावे. पूर्वी हेपटायटिस बी होऊन गेला असेल तर तो पुन्हा जागा होऊ शकतो आणि त्यासाठी प्रतिबंधक गोळी लागते. हेपटायटिस सी आता तोंडाने घ्यायच्या औषधांनी बरा होतो.

फ्लू आणि कोव्हिडबाबत एक गोष्ट मात्र जिवाशी गाठ असलेली आहे. कोव्हिडसाठी दिली जाणारी निर्माट्रेल्व्हिर आणि रिटोनाव्हिर ही जोडगोळी टॅक्रोलिमसची पातळी कैक पटींनी वाढवते. सद्भावनेने दिलेल्या पाच दिवसांच्या कोर्सनंतर हात थरथरत, उलट्या होत आणि क्रिएटिनिन दुपटीच्या वर जाऊन आलेले रुग्ण मी दाखल करून घेतले आहेत. क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरची फ्लुकोनाझोलसारखी औषधेही कमी-अधिक प्रमाणात हेच करतात. कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर टॅक्रोलिमस चालू आहे, हे वाक्य आधी सांगावे. जुलाबांतही टॅक्रोलिमसची पातळी वाढते, कमी होत नाही. औषध वाहून जात असेल असे समजून जादा गोळी देऊ नये.

लशींपैकी निष्क्रिय लशी, म्हणजे दरवर्षीची फ्लूची सुई, कोव्हिड, न्यूमोकोकल आणि नागिणीची नवी पुनर्संयोजित लस, घेता येतात. पतींच्या बाबतीत कधी घ्यायच्या ते बीके स्थिरावल्यावर डॉक्टर ठरवतील. जिवंत विषाणूंच्या लशी, जसे गोवर, कांजिण्या आणि नाकात फवारायची फ्लूची लस, रुग्णाला देऊ नयेत. घरातील इतरांनी मात्र आपापल्या लशी पूर्ण कराव्यात.

पुढच्या तपासणीच्या दिवशी सकाळची टॅक्रोलिमसची गोळी सोबत न्यावी आणि रक्त दिल्यानंतरच घ्यावी. गोळी घेऊन रक्त दिले तर पातळी खोटी जास्त येते आणि त्या आकड्यावर डोस कमी झाला तर आधीच मायकोफिनोलेट निम्मे असलेल्या पतींना ते परवडणारे नाही. डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: टॅक्रोलिमसची पातळी आता किती ठेवायची आहे, क्रिएटिनिन किती वाढले तर बायॉप्सी करणार, आणि दात्याविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी कधी करायची. तोपर्यंत ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, लघवी कमी झाली किंवा बसवलेल्या किडनीच्या जागी दुखू लागले, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जावे.